आरटीएक्स ३०६० की ४०६०? बारा जीबी आणि आठ जीबीच्या वादात नेमकं काय बघायचं

पीसी असेंबल करायचा म्हटलं की सगळ्यात मोठा खर्च ग्राफिक्स कार्डाचा आणि सगळ्यात मोठा गोंधळही त्याचाच. मध्यम बजेट असलेल्या तरुणांमध्ये गेली दोन-तीन वर्षं एकच प्रश्न फिरतोय, "भाई, ३०६० बारा जीबी घेऊ की ४०६० आठ जीबी?" नवी ५०६० बाजारात आली तरी हा प्रश्न संपलेला नाही. दुकानांत ही दोन्ही कार्डं अजून दिसतात आणि सेकंडहँडच्या बाजारात तर यांचीच चलती आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण घरात त्याचं उत्तर देणं अवघड जातं. मुलानं वर्षभराची ईदी, ट्यूशनचे आणि सुट्टीत दुकानावर बसून मिळवलेले पैसे जमवलेले असतात. उरलेली रक्कम अब्बांनी घालायची असते. अब्बा विचारतात, "बारा मोठे की आठ? मग बारावालं स्वस्त आणि आठवालं महाग, हे कसं रे?" मुलाकडे उत्तर असतं, पण ते कुठल्या तरी व्हिडिओतलं असतं. दुकानदाराकडे उत्तर असतं ते त्याच्याकडे शिल्लक असलेल्या मालाप्रमाणे. एकदा घेतलेलं कार्ड चार-पाच वर्षं चालवायचं असतं. म्हणून हा हिशोब जरा नीट समजून घेऊ.

दोन्ही कार्डं मुळात काय आहेत?

आरटीएक्स ३०६० एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आणलं. अमेरिकेतली जाहीर किंमत ३२९ डॉलर. त्यातली चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर तंत्रावर बनलेली, अँपियर पिढीतली. त्यात ३५८४ कुडा कोर आहेत आणि १२ जीबी मेमरी.

आरटीएक्स ४०६० आलं जून २०२३ च्या अखेरीस, २९९ डॉलरला. ही एडा लव्हलेस पिढी. चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडून बनवून घेतलेली. कोर ३०७२, म्हणजे जुन्यापेक्षा कमी. मेमरी ८ जीबी, तीही कमी. आणि तरीही हे कार्ड जास्त वेगवान आहे. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

कारण असं की कोरची संख्या ही मजुरांच्या संख्येसारखी आहे. दहा मजूर सावकाश काम करत असतील आणि आठ मजूर झपाट्याने, तर भिंत आठ जणांचीच आधी उभी राहील. ३०६० चे कोर साधारण १७७७ मेगाहर्ट्झच्या वेगाने चालतात, तर ४०६० चे २४६० मेगाहर्ट्झने. कोर १४ टक्क्यांनी कमी, पण वेग ३८ टक्क्यांनी जास्त. वेगवेगळ्या पिढीतल्या कार्डांचे कोर मोजून तुलना करण्यात त्यामुळे फारसा अर्थ नाही.

हे सगळं करून नव्या कार्डाला वीजही कमी लागते. ३०६० ची मर्यादा १७० वॉट, ४०६० ची ११५ वॉट.

बारा जीबी आली कुठून?

ही गोष्ट कळली की निम्मा वाद मिटतो. ग्राफिक्स कार्डावर मेमरी मनाला येईल तेवढी लावता येत नाही. चिपपासून मेमरीकडे जाणारा एक रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. ३०६० ची बस १९२ बिट रुंद आहे. एक मेमरी चिप त्यातले ३२ बिट वापरते. म्हणजे १९२ भागिले ३२, एकूण सहा चिप. त्या काळात अशा चिप एक जीबीच्या किंवा दोन जीबीच्या मिळत. मग पर्याय दोनच उरतात, सहा जीबी किंवा बारा जीबी. मधलं काहीच नाही.

सहा जीबी तर २०१६ च्या जीटीएक्स १०६० वर आणि २०१९ च्या आरटीएक्स २०६० वरही होती. २०२१ मध्ये तेवढीच देणं शोभलं नसतं. म्हणून बारा आली. एनव्हिडियाने गरीब गेमरवर मेहरबानी केली असं काही नव्हतं. त्याच मालिकेतलं ३०६० टीआय आणि त्याहून महाग ३०७० यांना आठच जीबी होती, आणि सुरुवातीच्या ३०८० ला दहा. मोठ्या भावांपेक्षा धाकट्याकडे जास्त मेमरी, असा तो विचित्र प्रकार होता.

४०६० मध्ये कंपनीने बस अरुंद केली, १२८ बिट. १२८ भागिले ३२ म्हणजे चार चिप, प्रत्येकी दोन जीबी, झाले आठ जीबी. अरुंद बस म्हणजे लहान चिप, लहान चिप म्हणजे कमी खर्च. कंपनीचा फायदा यात उघड आहे.

आता रस्ता अरुंद झाला तर वाहतूकही कमी होणार. ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० जीबी माहिती पोचवू शकते, ४०६० ची २७२ जीबी. हा तोटा भरून काढायला एनव्हिडियाने चिपच्या आतच एक छोटा, पण अतिशय वेगवान साठा वाढवला. त्याला कॅश म्हणतात. ३०६० मध्ये तो ३ एमबी होता, ४०६० मध्ये २४ एमबी, म्हणजे आठपट.

लग्नाच्या जेवणाचं उदाहरण घ्या. बावर्चीच्या हाताशी एक परात असते, त्यात कापलेला कांदा, आलं-लसूण, मसाला. मागे टेबलावर बाकीचं सामान. आणि टेबलावर जे नाही ते बाजारातून आणायचं. परात म्हणजे कॅश, टेबल म्हणजे कार्डावरची मेमरी, आणि बाजार म्हणजे तुमच्या पीसीची साधी रॅम. ४०६० च्या बावर्चीकडे परात मोठी आहे, त्यामुळे त्याला टेबलाकडे सारखं वळावं लागत नाही. टेबल लहान असलं तरी काम पटापट होतं. पण देग इतकी मोठी निघाली की सामान टेबलावर मावेनाच, तर परात कितीही मोठी असो, कुणाला तरी बाजारात पळावंच लागणार. आणि तेवढा वेळ चूल थांबणार.

४०६० चं बळ आणि दुबळेपण, दोन्ही यातच आलं. मोठ्या कॅशमुळे मेमरीकडे जायची वेळ कमी येते, पण मेमरीची जागा मात्र वाढत नाही.

प्रत्यक्ष खेळताना किती फरक पडतो?

१०८० पी म्हणजे १९२० बाय १०८०. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हाच मॉनिटर असतो. या रिझोल्यूशनवर, मेमरी पुरत असेल तर, ४०६० हे ३०६० पेक्षा साधारण १५ ते २० टक्के वेगवान आहे. खुद्द एनव्हिडियाचा दावाही, फ्रेम जनरेशन न लावता, २० टक्क्यांच्या आसपासचाच होता. याचा अर्थ एखाद्या गेममध्ये ३०६० वर सेकंदाला ६० फ्रेम मिळत असतील तर ४०६० वर ७० च्या आसपास मिळतील. फरक आहे, पण डोळे दिपतील असा नाही. ६० आणि ७० मधला फरक सहज ओळखणारे फार थोडे. ४५ आणि ५३ मधला मात्र लगेच जाणवतो.

तुम्ही कुठले गेम खेळता, यावर इथून पुढचं सगळं ठरतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, फोर्टनाइट, माइनक्राफ्ट, जीटीए फाइव्ह, फुटबॉलचे गेम. मोहल्ल्यातली पोरं संध्याकाळी ज्यावर भांडतात ते हेच. हे गेम मेमरी फार खात नाहीत. व्हॅलोरंटमध्ये तर कार्डापेक्षा प्रोसेसरचाच कस लागतो. दोन्ही कार्डांवर सेटिंग जरा आटोक्यात ठेवलं तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर सहज भरून निघतो. कोणी फक्त व्हॅलोरंटसाठी या दोनांत डोकं खपवत असेल तर त्याने कार्डाचा विचार सोडून प्रोसेसर आणि मॉनिटरकडे बघावं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर २०० फ्रेम आल्या काय आणि ३०० आल्या काय, पडदा सेकंदाला साठच वेळा बदलणार.

दुसरी बाजू म्हणजे मोठे, एकट्याने खेळायचे गेम. २०२३ च्या सुरुवातीला पीसीवर हॉगवर्ट्स लेगसी आला, मग मार्चमध्ये रेसिडेंट ईव्हल ४ आणि द लास्ट ऑफ अस पार्ट वन. तेव्हा ८ जीबीवाल्या कार्डांची पहिल्यांदा जाहीर फजिती झाली. सेटिंग वर नेलं की कुठे भिंतीवरचे टेक्श्चर धूसर राहायचे, कुठे गेम अडखळायचा. पुढे अपडेट आले आणि बरंच सुधारलं, हे खरं. पण त्यानंतरही डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये तोच अनुभव आला. त्यात टेक्श्चरसाठी किती मेमरी राखून ठेवायची याचं वेगळं सेटिंग आहे. ८ जीबीच्या कार्डावर ते खाली ठेवावं लागतं. वर नेलं आणि मेमरी संपली की वेग कोसळतो, आणि तिथे कागदावर हळू असलेलं ३०६० पुढे निघून जातं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ८ जीबी म्हणजे गेम चालणारच नाही, असं नाही. टेक्श्चरचं सेटिंग 'अल्ट्रा' वरून 'हाय' किंवा 'मीडियम' केलं की बहुतेक गेम ४०६० वर छान चालतात. फक्त आजच पायरी उतरावी लागत असेल, तर तीन वर्षांनी किती पायऱ्या उतराव्या लागतील, हा विचार करायचा. ३०६० वाल्याची अडचण याच्या उलट. त्याच्याकडे जागा आहे, पण चिपचा दम आधी संपतो. त्याला सावल्या, प्रकाश, रे ट्रेसिंग कमी करावं लागेल, टेक्श्चर मात्र वरच ठेवता येतील. माझं मत विचाराल तर डोळ्याला टेक्श्चर जास्त खुपतात. सावली थोडी कमी रेखीव असली तर कुणाचं लक्षही जात नाही, पण समोरच्या माणसाचा चेहरा ओल्या कागदासारखा दिसला तर खेळायची मजाच जाते.

सरासरीच्या आकड्याने फसू नका

यूट्यूबवर दोन कार्डं शेजारी शेजारी लावून दाखवतात. कोपऱ्यात आकडे पळत असतात आणि आपण मोठ्या आकड्याला टाळ्या वाजवतो. तो आकडा सरासरीचा असतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण एखादी फ्रेम मेमरी न मावल्यामुळे १०० मिलिसेकंद घेऊन बसली तर तुम्हाला झटका जाणवतो. नेमका गोळी झाडताना तो आला तर तुम्ही मेलेले असता. मिनिटाभरात असे चार-पाच झटके बसले तरी सरासरी जवळपास तशीच राहते.

म्हणून चांगल्या चाचण्यांमध्ये 'वन परसेंट लो' नावाचा वेगळा आकडा दिलेला असतो. सगळ्यात हळू असलेल्या एक टक्का फ्रेमचा तो हिशोब. सरासरी ७० आणि वन परसेंट लो ५५ असेल तर खेळ गुळगुळीत. सरासरी ७५ आणि वन परसेंट लो २५ असेल तर तो गेम रडवणार. तुलना बघताना आधी हा छोटा आकडा बघा. तो दाखवलाच नसेल तर व्हिडिओ बंद करून दुसरा शोधा.

फ्रेम जनरेशन: वाढलेल्या फ्रेम खऱ्या की भरतीच्या?

४०६० च्या जाहिरातीत सगळ्यात मोठा भर होता डीएलएसएस ३ वर. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, ती आधी सोडवू.

पहिली गोष्ट अपस्केलिंग. कार्ड चित्र लहान आकारात काढतं आणि मग एआयच्या मदतीने मोठं करतं. यामुळे खरोखर वेग वाढतो. ही सोय दोन्ही कार्डांवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने याचं सुधारलेलं मॉडेल आणलं, तेही सगळ्या आरटीएक्स कार्डांना दिलं. म्हणजे ३०६० वाला यात मागे नाही.

दुसरी गोष्ट फ्रेम जनरेशन. कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि त्यांच्या मध्ये स्वतः अंदाजाने एक फ्रेम घुसवतं. एनव्हिडियाची ही सोय ३०६० वर नाही, ४०६० वर आहे. आकडा यामुळे जवळजवळ दुप्पट दिसू शकतो, आणि कंपनीने तुलनेच्या तक्त्यांमध्ये हाच फुगलेला आकडा दाखवला होता. चित्र गुळगुळीत दिसतं, हे कबूल. पण मधल्या फ्रेमवर तुमच्या माऊसचा काहीच परिणाम नसतो. उलट मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी अडवून ठेवावी लागते, त्यामुळे हाताला किंचित उशीर जाणवतो. मुळात ६० फ्रेम मिळत असतील तर हे खपून जातं. मुळातच ३० मिळत असतील तर स्क्रीनवर ५५ दिसतील, आणि हात मात्र चिखलात रुतल्यासारखा वाटेल.

अजून एक मेख आहे. फ्रेम जनरेशन स्वतःही मेमरी खातं. ८ जीबी आधीच काठोकाठ भरली असेल तर ते चालू केल्याने फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. ३०६० वाल्यांना एएमडीचं एफएसआर ३ वापरून काही गेममध्ये अशीच सोय मिळते, कारण ती दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालते. एनव्हिडियाचं कार्ड, आणि सोय दिली एएमडीने!

मदरबोर्ड जुना असेल तर

हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतं, तिथे माहितीच्या मार्गिका असतात, त्यांना लेन म्हणतात. ३०६० अशा १६ लेन वापरतं. ४०६० आठच वापरतं. खाच तीच, लांबी तीच, पण आतून अर्ध्याच मार्गिका जोडलेल्या.

नव्या मदरबोर्डवर, म्हणजे पीसीआयई ४.० असलेल्यावर, आठ लेन पुरतात. सेकंदाला साधारण १६ जीबी माहिती जाते. पण घरात पाच-सहा वर्षं जुना पीसी असेल, पीसीआयई ३.० वाला, तर ४०६० ला तिथे साधारण ८ जीबीच मिळतात. ३०६० ला त्याच जुन्या बोर्डवर सोळा लेनमुळे १६ मिळतात.

एरवी याचा तोटा थोडाच होतो, दोन-चार टक्क्यांचा. पण वर सांगितलेला बाजाराचा रस्ता हाच! टेबलावर सामान मावलं नाही की ते याच वाटेने आणावं लागतं. मेमरीही कमी आणि बाजाराचा रस्ताही अर्धा, असा दुहेरी फटका ४०६० ला जुन्या बोर्डवर बसतो. जुन्याच पीसीत फक्त कार्ड बदलणाऱ्याने आपला बोर्ड कुठल्या पिढीचा आहे, हे आधी तपासावं.

आणि खरं सांगायचं तर अशा पीसीत रॅम ८ जीबीची एकच काडी असेल, तर कार्डाच्या आधी तिकडे पैसे घाला. आठ-आठच्या दोन काड्या लावल्या की अडखळणं बरंच कमी होतं, आणि खर्च कार्डाच्या मानाने किरकोळ असतो.

वीज आणि एसएमपीएस

दोन कार्डांत ५५ वॉटचा फरक. रोज चार तास पूर्ण ताकदीने खेळलं तर वर्षाला ८० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ८०० रुपये. चार वर्षांत तीन हजार दोनशे. कार्डाच्या किमतीतला फरक बघताना ही रक्कम वजा करायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी निर्णय फिरवण्याइतकी ती मोठी नाही. खरा फायदा उष्णतेचा. उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली, छोट्या खोलीत ५५ वॉट कमी उष्णता बाहेर पडणं म्हणजे काय, हे भिवंडी-मालेगावात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

एसएमपीएस दोन्हीसाठी ५५० वॉटचा असावा असं कंपनी सांगते. डब्यावर ५५० लिहिलेला स्वस्तातला लोकल एसएमपीएस मात्र खरोखर तेवढी वीज देईलच असं नाही. कार्डावर वीस-तीस हजार घालून एसएमपीएसवर हजार रुपये वाचवणं हा उलटा व्यवहार आहे.

सेकंडहँड घेताना

३०६० चा खरा मोह स्वस्ताईचा असतो, आणि तो सेकंडहँडमध्ये. नव्या कार्डाच्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो, वापरलेल्याला ओळखीतून रोख व्यवहार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गल्लीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत ही कार्डं फिरत असतात.

यातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमधून आलेली असू शकतात. ३०६० बाजारात आलं तेव्हा इथेरियमचा जोर होता. मायनिंगवाल्यांनी कार्डं पळवू नयेत म्हणून एनव्हिडियाने त्यावर वेगमर्यादा घातली होती, आणि महिन्याभरात कंपनीच्याच एका ड्रायव्हरमुळे ती चुकून उठली! पुढे १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि हजारो कार्डं एकदम विक्रीला आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच, असं समजू नका. पण रात्रंदिवस फिरलेले पंखे आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांचा खर्च धरून भाव करा.

दुसरा सापळा नावाचा. २०२२ च्या शेवटी ३०६० चीच एक ८ जीबीवाली आवृत्ती आली. नाव तेच, डबाही जवळपास तसाच. पण तिची बस १२८ बिट आणि मेमरीचा वेग सेकंदाला २४० जीबी. म्हणजे बारा जीबीचा फायदा नाही आणि ४०६० चा वेगही नाही. ही कुठल्याही भावात सोडून द्यावी, असं माझं मत. लॅपटॉपमधलं ३०६० हाही वेगळा प्रकार आहे, त्यात ६ जीबीच असते.

तपासणी सोपी आहे. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कार्ड लावलेल्या पीसीवर ते उघडायचं. ३०६० वर शेडर ३५८४, बस १९२ बिट आणि मेमरी १२२८८ एमबी दिसली पाहिजे. ४०६० वर ३०७२, १२८ बिट आणि ८१९२ एमबी. बायोस बदलून जुनं कार्ड नव्या नावाने विकलं जात असेल तर हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नावाआधीच 'फेक' असं दाखवतं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून बघा. पडद्यावर ठिपके, रेघा, मध्येच काळा पडदा, पंख्याचा खरखराट यातलं काहीही आढळलं तर सलाम करून निघायचं. "घरी नेऊन बघ, काही झालं तर आहे मी" या शब्दावर पैसे देऊ नका.

बिल मागा. वॉरंटी अनेकदा तीन वर्षांची असते आणि ती सीरियल नंबर व बिलावरून ठरते. २०२१-२२ मध्ये घेतलेल्या ३०६० ची ती संपलेली असणार. ४०६० ची काही उरलेली असू शकते, आणि उरलेल्या वॉरंटीची किंमत भावात धरली पाहिजे.

मग घ्यायचं कोणतं?

नवा मदरबोर्ड, १०८० पी मॉनिटर, बहुतेक वेळ ऑनलाइन गेम, खोलीत उकाडा, आणि दोघांच्या किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक. असं असेल तर ४०६०. यूट्यूबवर लाइव्ह गेमिंग करायचं असेल तर त्यात एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ बनवण्याची सोयही आहे, कमी इंटरनेटमध्ये चित्र जास्त स्वच्छ जातं. ३०६० मध्ये ती नाही.

जुना मदरबोर्ड, मोठे कथानकवाले गेम, कार्ड पाच वर्षं बदलायचं नाही, आणि चांगल्या अवस्थेतलं ३०६० बऱ्याच कमी किमतीत मिळतंय, तर बारा जीबीचं ३०६०. घरात कोणी अॅनिमेशन शिकत असेल, ब्लेंडरवर काम करत असेल किंवा एआयने चित्रं बनवण्याचे प्रयोग करत असेल, तर दुसरा विचारच नको. तिथे मेमरी मावली नाही की काम हळू होतं, नाहीतर थेट बंद पडतं. ज्या पीसीवर बहीण दिवसा शिकते आणि भाऊ रात्री खेळतो, त्या घरात बारा जीबीचं मोल जास्त.

दोन्ही कार्डं नवी, एकाच भावात समोर ठेवली तर मी ४०६० उचलेन, टेक्श्चर एक पायरी खाली ठेवायची तयारी ठेवून. पण ३०६० नवं घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. नव्याच्या बजेटमध्ये मे २०२५ मध्ये आलेलं ५०६० बघावं, त्याचीही अमेरिकेतली किंमत २९९ डॉलरच होती. मेमरी तिथेही आठच जीबी आहे, फक्त नव्या प्रकारची आणि सेकंदाला ४४८ जीबी वेगाची. आणि ज्याला बारा जीबी नवीच हवी आहे, त्याने डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं इंटेलचं आर्क बी५८० विचारून बघावं. त्याची किंमत २४९ डॉलर ठेवली होती. मात्र ते जुन्या प्रोसेसरबरोबर मागे पडतं, त्यामुळे जुन्या पीसीत बसवायला ते घेऊ नका.

दुकानात गेल्यावर डब्यावरचं नाव वाचून थांबू नका. जीबी आणि बिट, हे दोन्ही आकडे बिलावर लिहून मागा.